बाजाराच्या दिवसाची हजेरी



स्मरणिकेसाठी लेख द्यायचा असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की सहल, स्नेहसंमेलन, पीटीच्या सरांची शिट्टी यांवर बाकीचे लिहितीलच. मला मात्र एक राहिलेला गृहपाठ पूर्ण करायचा आहे.

आठवीत इतिहासाच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं होतं, "पानिपत पुस्तकात आहे. तुमच्या गावचा इतिहास पुस्तकात नाही, तो बाजारात आहे. बाजाराच्या दिवशी जा, दहा वस्तूंचे भाव लिहून आणा. वस्तू कुठून आली आणि कोणी आणली, तेही लिहा." मी आईबरोबर गेले आणि दहा भाव सुवाच्य अक्षरात लिहून आणले. "कोणी आणली" हा रकाना रिकामा ठेवला, कारण विचारायची लाज वाटली. सरांनी लाल शाईत फक्त "अर्धा गृहपाठ" एवढं लिहून वही परत दिली.

त्या वेळच्या आपल्या हजेरीपटाची आणखी एक गोष्ट आठवते. बाजाराच्या दिवशी मागचे दोन बाक रिकामे असायचे. कोणी बापाबरोबर बंडीवर गेलेलं, कोणी आईच्या दुकानावर बसलेलं, कोणी लहान भावंडं सांभाळायला घरी. दुसऱ्या दिवशी बाई विचारायच्या, "काल का नव्हतास?" उत्तर ठरलेलं: "बाजार होता." बाई फार काही बोलायच्या नाहीत. दारव्ह्यात हे कारण तापाइतकंच खरं मानलं जायचं.

गेली दोन वर्षं सुट्टीत गावी आले की मी आईला घेऊन आजूबाजूचे बाजार फिरते आहे. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, घाटंजी झालं, एकदा थेट पांढरकवड्यापर्यंत जाऊन आलो. सोबत जुनी गॅझेटियर आणि बाजारांच्या इतिहासावरचं मिळेल ते वाचत गेले. इतिहास माझा विषय नाही, मी संगणकावर काम करणारी बाई. पण रिकामा रकाना भरायचा होता. त्यातून जे हाती लागलं ते असं.

बैलांच्या पाठीवरचा बाजार

आपला जिल्हा आज "यवतमाळ" म्हणून ओळखला जातो, पण हे नाव जिल्ह्याला १९०५मध्ये मिळालं. त्याआधी तो "वणी जिल्हा" होता, इंग्रजांच्या लिहिण्यात "वून". त्याच १९०५मध्ये वाशीम जिल्हा मोडला आणि त्यातला पुसद तालुका आपल्याकडे आला. मोगलांच्या काळातल्या कागदांत यवतमाळ परगण्याचा उल्लेख "योत-लोहारा" असा आहे. त्यातलं लोहारा म्हणजे यवतमाळला लागून असलेलं आजचं लोहारा. "यवतमाळ" मधला "माळ" हा "महाल" या शब्दाचा अपभ्रंश असल्याचं गॅझेटियर सांगतं. महाल म्हणजे वसुलीचा विभाग, म्हणजे गावाच्या नावातच सारावसुली आहे.

त्या काळी मोठ्या बाजारपेठेसाठी आपल्या भागाने कारंज्याकडे पाहायचं. कारंजा किती श्रीमंत होतं, याचा पुरावा म्हणजे १६७०मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडात उतरून कारंजाच गाठलं. जिथे पैसा साठतो तिथेच फौज जाते.

पण माल तिथपर्यंत पोचायचा कसा? रस्ते नव्हते. काळ्या जमिनीत पावसाळ्यात बंडी आसापर्यंत रुतते, हे आपल्यापैकी ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मालाची ने-आण बंजारे करत, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. त्यांच्या तांड्यांबरोबर मीठ यायचं आणि धान्य, कापूस जायचा. वऱ्हाडातला कापूस असा शेकडो मैल चालत गंगेकाठच्या मिर्झापूरला पोचत असे. मुंबईकडे कापूस पाठवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८२५-२६ सालचा. पेस्तनजी नावाच्या पारशी व्यापाऱ्याच्या पेढीने पाचशे बैलांवर लादून तो पाठवला होता. पुसद, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यातले आपल्या वर्गातले कितीतरी मित्र या तांड्यांच्या वंशातले. आपण त्यांच्या घरी होळीला लेंगी ऐकायला जायचो, पण त्यांच्या पणजोबांनी या देशाचा व्यापार पाठीवर वाहिला, हे शाळेच्या पुस्तकात कुठे वाचल्याचं मला आठवत नाही.

कापूस, रेल्वे आणि शकुंतला

१८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात "ऊमरा" म्हणत, म्हणजे आपली उमरावती. १८६७मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७०मध्ये खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला तेव्हा तो पाहायला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या पांढऱ्या बोंडाची किंमत कळावी. "वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. ती कुऱ्हाड कोणाच्या हातात होती, हे मात्र विचारत नाही.

मुख्य रेल्वे आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडून निघून गेली. यवतमाळहून सगळ्यात सोयीचं स्टेशन धामणगाव, पंचेचाळीसेक किलोमीटरवर. तिथपर्यंत कापूस बंडीनेच जायचा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थापनाखाली अडीच फुटी रुळांचा मार्ग आला: यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर. तीच आपली शकुंतला. मूर्तिजापूरला कापसाच्या गाठी मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबईच्या गोदीकडे निघायच्या.

मोतीबाग स्टेशनावर आपण चालत्या गाडीतून उतरायच्या पैजा लावायचो. त्या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं होतं. म्हणजे मँचेस्टरला कापूस हवा म्हणून मँचेस्टरचंच इंजिन आपल्या मोतीबागेत येऊन शिट्टी फुंकत होतं. एप्रिल १९९४मध्ये ते काढून डिझेल इंजिन लावलं. आपली नववीची परीक्षा तेव्हाच झाली होती. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. आता त्या रुळांवर गवत आहे.

रुमालाखालचा भाव

आता मुद्द्याची गोष्ट. कापसाचा पैसा आला तसा फसवणुकीचा धंदाही आला. जुन्या बाजारांत भाव ठरायचा तो "हत्ता" पद्धतीने. खरेदीदार आणि अडत्या हातावर रुमाल टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचे. ज्याचा माल तो कास्तकार शेजारीच उभा असायचा, पण रुमालाखाली काय ठरलं ते त्याला कळायचं नाही. त्यावर वजनात मारलेली दांडी, नमुन्याच्या नावाखाली उचललेले मूठमूठ कापूस, धर्मादाय, हमाली, तोलाई, अडत, आणि वर "माल ओला आहे" म्हणून कापलेले पैसे.

यावर पहिला कायदेशीर उपाय झाला तो आपल्या शेजारीच. १८८६मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रित झाला. हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेतीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कारंज्याचं नाव घेतात. शकुंतलेतून शंभर वेळा कारंज्याहून गेलो, पण हे मला चाळिशीनंतर कळलं. पुढे १८९७मध्ये संपूर्ण वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराची जागा नेमून दिली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने आले, बाजार चालवायला समिती आली. देशात पुढे झालेल्या बाजार समित्यांच्या कायद्यांना हा वऱ्हाडचा कायदा नमुना ठरला.

पण त्या समितीत बसायचं कोणी? व्यापाऱ्यांनी आणि नगरपालिकेच्या माणसांनी. बाजारातून येणारं उत्पन्न जायचं नगरपालिकेकडे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगाने १९२८च्या अहवालात देशभर नियंत्रित बाजार करा अशी शिफारस केली, आणि वऱ्हाडच्या व्यवस्थेतली ही उणीवही दाखवली. ज्याच्या मालावर बाजार चालतो तो कास्तकारच समितीत नव्हता. १९३५मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात शेतमाल बाजाराचा नवा कायदा झाला. आपण महाराष्ट्रात आल्यावर १९६३चा कायदा झाला आणि समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींची संख्या जास्त ठेवली गेली. उघड हर्रास आला आणि रुमालावर बंदी आली. कागदावरचा रकाना भरायला कारंज्यापासून धरलं तर पाऊणशे वर्षं लागली.

एक शब्द मात्र टिकून राहिला. तो म्हणजे "खंडी". मुंबईची जुनी खंडी ७८४ पौंडांची. पौंड गेले, शेर-मण गेले, १९५८पासून किलो आले, तरी रुईचा भाव बातम्यांत आजही खंडीलाच सांगतात, म्हणजे सुमारे ३५६ किलोला. कास्तकार क्विंटलने विकतो आणि व्यापारी खंडीने बोलतो. दोघांमध्ये सरकी, रुई आणि घट यांचा हिशोब असतो, तो ज्याला तोंडपाठ आहे तो जिंकतो.

आमच्या घरचा चुकारा

आपण शाळेत होतो तेव्हा एकाधिकार कापूस खरेदी होती. १९७१चा कायदा, १९७२पासून अंमल. मुख्यमंत्री होते आपल्याच जिल्ह्यातले, गहुलीचे वसंतराव नाईक. कल्पना अशी की राज्यात कापूस फक्त सरकारी योजनेतच विकायचा, भाव आधी जाहीर, पुढे रुई विकून नफा झाला तर त्यातला वाटा बोनस म्हणून शेतकऱ्याला. रुमाल, दलाल, व्यापारी सगळेच बाहेर. कागदावर याहून चांगलं काय असणार?

१९९६च्या हिवाळ्यात बाबा एका केंद्रावर कापसाची बंडी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. रस्त्याच्या कडेला बंड्यांची रांग एवढी लांब की शेवटच्या माणसाला केंद्राचं फाटक दिसत नव्हतं. बैलांचा कडबा संपला तो मी आणि माझा भाऊ सायकलवर नेऊन दिला. रात्री माणसं बंडीखाली शेकोटी करून झोपायची, आणि कापसाजवळ विस्तव नको म्हणून एकमेकांना शिव्याही द्यायची. बाबांचा नंबर आला तेव्हा ग्रेड एक पायरी खाली लागली. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "साहेब, परत नेऊ का?" आणि स्वतःच हसले. तीन दिवस रांगेत घालवलेली बंडी कोण परत नेतं?

चुकारा हप्त्याहप्त्याने आला. मधल्या काळात माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची तारीख आली. पैसे आईच्या पाटल्यांतून उभे राहिले. त्या पाटल्या सुटल्या, पण दोन वर्षांनी.

तरी बाबा त्या योजनेला कधी वाईट म्हणाले नाहीत. २००२च्या सुमारास एकाधिकार संपला, व्यापारी परत आले, पैसे त्याच दिवशी हातात मिळू लागले. तेव्हा बाबा म्हणाले, "पहिले भाव माहीत राहे, पैसा कवा येईन ते माहीत नसे. आता पैसा माहीत हाय, भाव माहीत नाही." दोन्ही व्यवस्थांवर मी पुढे बरंच वाचलं, पण एवढ्या कमी शब्दांत कोणी सांगितलेलं सापडलं नाही.

बाबांच्या त्या हसण्यातच मला या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली दिसते. रुमाल असो, हर्रास असो की सरकारी काटा, कास्तकाराची अडचण एकच असते. बाजारात आणलेला माल त्याला परत नेता येत नाही. नेण्याचं भाडं, बैलांचा दिवस, घरी साठवायला नसलेली जागा, दारात उभा असलेला देणेकरी. समोरच्याला हे माहीत असतं. भाव तिथेच ठरतो, बाकी सगळा उपचार.

आठवडी बाजाराचं शहाणपण

मग मी आठवडी बाजाराकडे नव्याने पाहायला लागले. कापसाच्या बाजाराचे कायदे झाले, समित्या झाल्या, संप झाले, अहवाल झाले. भाजीच्या, दाण्यांच्या, मडक्यांच्या या बाजाराकडे फारसं कोणी पाहिलं नाही. ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिका बाजार वसुलीचा ठेका देते, ठेकेदाराचा माणूस पावती फाडत फिरतो, एवढीच सरकारची ओळख. तरीही तो पिढ्यान् पिढ्या भरतो आहे.

याचं कारण त्याच्या वारांच्या रचनेत आहे. एका तालुक्यातली गावं आपले बाजार वेगवेगळ्या वारी भरवतात. आज या गावचा, उद्या आठ कोसांवरच्या त्या गावचा. मसाल्याचा, बांगड्यांचा, कापडाचा दुकानदार सातही दिवस पाल उचलून फिरतो. त्याला एकाच गावात आठवडाभर गिऱ्हाईक नाही, पण सात गावांत मिळून आहे. आणि जिचे बरबटीचे दोन ढीग उरले ती बाई घरी जाऊ शकते. टोपलं डोक्यावर घ्यायचं, घरी न्यायचं, उद्या दुसऱ्या बाजारात किंवा गल्लीत विकायचं. अगदीच नाही तर घरी शिजवायचं. माल थोडा असतो, म्हणून परत नेता येतो. परत नेता येतो म्हणून "नाही जमत" म्हणता येतं. कापसाच्या बंडीजवळ उभा राहिलेला तिचा नवरा हे दोन शब्द म्हणू शकत नाही.

आपल्या भागातल्या घराघरांत मीठ-मिरची, मुलांची वही, सणाचं लुगडं हे बाईच्या बाजारातून निघतं आणि बियाणं, खत, लग्न, कर्ज हे कापसातून. कापूस बुडाला की घर बुडतं, पण चूल विझत नाही ती या टोपल्यामुळे. जिल्ह्याचं नाव गेली वीस-पंचवीस वर्षं वर्तमानपत्रांत कोणत्या बातम्यांसाठी येतं, ते आपण सगळे जाणतो. बाहेर कुठे "यवतमाळ" म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि मग तो हलक्या आवाजात काहीतरी विचारतो. मी सुरुवातीला विषय बदलायची. आता या टोपल्यांबद्दल सांगते.

प्रत्येक बाजाराचा चेहरा वेगळा. आपल्याकडे पावसाळ्यात काटवल, अंबाडी, तरोट्याची भाजी. हिवाळ्यात सांबाराच्या जुड्या, वांगी, तुरीच्या शेंगा. पांढरकवड्याकडे कोलाम बायाबापे बांबूच्या टोपल्या, सुपं घेऊन येतात, उन्हाळ्यात मोहफुलं, चारोळी दिसते, आणि बोलण्यात तेलुगू शब्द सहज मिसळतात. पुसद-उमरखेडकडे हळद. वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेतला बैलबाजार, जिथे माझे आजोबा बैल घ्यायला जायचे आणि दातांवरून वय सांगायचे.

मी प्रत्येक भाजीवाल्याला एकच प्रश्न विचारत गेले, "हे तुमच्या वावरातलं का?" निम्म्याहून जास्त दुकानांवर उत्तर "नाही" असं आलं. पहाटे ठोक बाजारातून उचललेला माल, नाशिकचे टमाटे, कुठलीतरी गोबी. म्हणजे आपण ज्याला शेतकऱ्यांचा बाजार समजतो तिथेही शेतकरी कमी होत चालला आहे. पालं टाकलेली, उंच मांडणीची, मधल्या रस्त्यावरची दुकानं व्यापाऱ्यांची. स्वतःच्या वावरातला माल घेऊन आलेली बाई बहुतेक वेळा कडेला, नालीजवळ, पोतं अंथरून उन्हात बसलेली. बाजाराची पावती मात्र दोघींची फाटते.

नवे उपाय

शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावं म्हणून अलीकडे पुष्कळ प्रयत्न झाले. १९८७मध्ये चंदीगडला "अपनी मंडी" सुरू झाली. १९९९मध्ये आपल्या शेजारच्या आंध्रात "रयतु बाजार" आणि तामिळनाडूत "उळवर संदै" उघडले. तिथे शेतकऱ्याला ओळखपत्र, बसायला ओटा आणि सरकारी काटा मिळाला. २०१६मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची योजना आणली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने बाजार समित्यांना संगणकाने जोडणारी ई-नाम योजना सुरू केली.

ई-नाम माझ्या धंद्याच्या जवळचं, म्हणून त्याबद्दल थोडं. दूरच्या बाजाराचा भाव मोबाईलवर दिसणं ही मोठीच गोष्ट आहे. रुमाल उचलला जातो, हे खरं. पण भाव दिसणं वेगळं आणि तो भाव मिळण्याइतका दम धरता येणं वेगळं. दम धरायला गोदाम लागतं, गोदामाच्या पावतीवर कर्ज लागतं, प्रतवारीवर दुसरा माणूस विश्वास ठेवील अशी व्यवस्था लागते. हे नसेल तर पडद्यावर चांगला भाव पाहत पाहत कास्तकार वाईट भावाने विकतो. मी वीस वर्षं संगणकाच्या प्रणाल्या बांधते आहे. आमच्याकडे कोणती माहिती ठेवायची हे ज्याचं काम आहे त्याला विचारून ठरवायचं असतं. घाईत आम्ही ज्याला सहज भेटता येतं त्यालाच विचारतो. १८९७मध्ये तेच झालं. तेव्हा सहज भेटणारा व्यापारी होता.

राहिलेला रकाना

शेवटी, हा लेख ज्यामुळे लिहिला ती गोष्ट.

गेल्या वर्षी श्रावणात दिग्रसच्या बाजारात एका बाईपाशी काटवल दिसलं. पोतं अंथरून कडेला बसली होती. मी भाव विचारला, तिने सांगितला. मी सवयीने म्हटलं, "जास्त होतात, दहा रुपये कमी करा." ती म्हणाली, "रानातून एक-एक येचून आणलं बाई, नाई परवडत." मी उठण्याचा आव आणला. तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "ओयखलं नाई का वं मले? आठवी ब. तुह्या मागच्या बाकावर."

मला आठवायला वेळ लागला, हे कबूल करते. बाजाराच्या दिवशी ज्यांची गैरहजेरी लागायची त्यांच्यातली ती. आठवीनंतर ती शाळेत आली नाही. आपल्यापैकी कोणी चौकशी केल्याचं मला आठवत नाही. मी तर केली नाहीच. तिला मात्र माझ्या वडिलांचं नाव, माझ्या दोन वेण्या आणि सरांनी माझ्या वहीत "अर्धा गृहपाठ" लिहिलेलं, सगळं आठवत होतं. तिचा गृहपाठ पूर्ण होता म्हणे. "मले काय, विचारायचंच नव्हतं. बाजारात अर्धे तर आमच्याच गावचे," ती म्हणाली.

तिने काटवल तोलून पिशवीत टाकलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. मी आधी दहा रुपये कमी कर म्हणत होते, आता सगळे घे म्हणून भांडत होते. शेवटी आईनेच नोट तिच्या पोत्याखाली सरकवली आणि म्हणाली, "घे पोरी, बाजारात उधारी अन् फुकट दोन्ही बरं नाही." मग मी तिच्याजवळच खाली बसले. तासभर बसले. तिला तीन एकर वावर आहे, कापूस-तूर आहे, थोरला मुलगा पुण्यात कंपनीत कामाला आहे, मुलगी नर्सिंग करते. बाजाराच्या दिवशी मुलीला कधी शाळा बुडवू दिली नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

निघताना मी म्हटलं, शाळेचा मेळावा आहे, ये. तिने विचारलं, "माझं नाव हाय का त्यात?"

मी घरी येऊन यादी पाहिली. नाव नव्हतं. असणारही नाही, कारण आपण यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. ज्यांनी दहावी दिली ते माजी विद्यार्थी, बाकीचे कोणीच नाहीत. यात कोणाचा दुष्टपणा नाही. यादी करायला निकालाचा कागद हाताशी होता, म्हणून तो घेतला. पण ज्या बाजारावर आपलं गाव उभं राहिलं त्याच्या समितीत कास्तकार नव्हता, तो असाच सुटला असेल.

संयोजक मित्रांना माझी विनंती आहे. शाळेकडे आपले पाचवीपासूनचे हजेरीपट असतील. ते उघडून यादी नव्याने करू. ज्यांची नावं मधेच थांबतात त्यांना शोधू. बरेचसे लांब गेलेले नाहीत. बाजाराच्या दिवशी शोधलं तर नक्की भेटतील. आणि मेळाव्याची तारीख ठरवताना एवढंच पाहा की त्या दिवशी बाजार नसावा.

सर, तुमच्यापर्यंत हा अंक पोचला तर रकाना आता भरला आहे असं समजा. उशीर तीस वर्षांहून जास्त झाला, त्याबद्दल क्षमा असावी.